व्हिसा अडवून पोरं कामाला लागत नाहीत

शेंद्रा किंवा बिडकीनमध्ये मोठी परदेशी कंपनी येणार म्हटलं की आपल्या शहरात दोन निवेदनं ठरलेली असतात. पहिलं, कंपनी आलीच पाहिजे. दुसरं, कंपनीची माणसं येता कामा नयेत. पहिल्या निवेदनावर सगळ्या पक्षांच्या सह्या असतात. दुसरं जरा खालच्या आवाजात दिलं जातं, पण टाळ्या त्यालाच जास्त पडतात.

ह्योसंग या कोरियन कंपनीने शेंद्र्यात स्पॅन्डेक्सचा कारखाना टाकला तेव्हा ही कुरकुर ऐकली होती. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. जेएसडब्ल्यूच्या विजेवरच्या गाड्यांच्या प्रकल्पाचं नाव बिडकीनशी जोडलं गेलं. मग ही कुरकुर वाढली. मागणी साधारण अशी असते : परदेशी तंत्रज्ञांच्या व्हिसावर मर्यादा घाला, ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीतल्या प्रत्येक कंपनीला परदेशी माणसांची टक्केवारी ठरवून द्या, आणि एकाला व्हिसा देण्याआधी आमच्या बेरोजगार पोरांची यादी बघा. ‘जमीन आमची, नोकरी परक्याची’ एवढ्या चार शब्दांत हे सगळं बसतं, म्हणून ते भाषणात छान वाजतं.

या मागणीमागचं दुखणं खोटं नाही. बिडकीनच्या ज्या शेतकऱ्याने जमीन दिली, त्याच्या पोराला त्याच जमिनीवरच्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर बारा तास उभं राहावं लागत असेल, तर त्याला राग येणारच. तो येऊ नये असं म्हणणाऱ्या माणसाशी मला बोलायचंच नाही. पण राग चुकीच्या दारावर धडकतो आहे, आणि त्या दारामागे त्या पोराला देण्यासारखं काहीही नाही.

आधी नियम काय आहे ते पाहू. भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि तो इथल्या नोंदणीकृत कंपनीच्या हमीवरच मिळतो. ज्या कामाला लायक भारतीय माणूस मिळतो त्या कामासाठी तो देता येत नाही. कारकुनी, साध्या, रोजच्या कामासाठीही नाही. शिवाय पगाराची किमान अट आहे. पूर्वी ती वर्षाला २५,००० डॉलर होती, पुढे रुपयांत १६.२५ लाख झाली. म्हणजे महिन्याला एक लाख पस्तीस हजारांच्या वर. त्यावर राहण्याचा खर्च, विमानाची तिकिटं, आणि २००८पासून भविष्यनिर्वाह निधीचा वेगळा नियम. भारतीय कामगाराच्या पीएफला १५,००० रुपयांच्या पगाराची कायदेशीर कमाल मर्यादा आहे, परदेशी माणसाच्या बाबतीत ती नाही. त्याचा पीएफ पूर्ण पगारावर कापायचा. कोरिया, जपान, जर्मनी, झेक प्रजासत्ताक यांच्याशी सामाजिक सुरक्षेचे करार असल्याने तिथल्या माणसांना ठरावीक दाखला दाखवून यातून सूट मिळते. चीनशी असा करार नाही.

आलेल्या माणसाचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर चौदा दिवसांत नोंदणी करायची. तो हॉटेलात किंवा कुणाच्या घरी उतरला तर जागेच्या मालकाने चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाचा फॉर्म भरायचा. वेरूळ-अजिंठ्यामुळे आपल्या हॉटेलवाल्यांना हा फॉर्म पाठ आहे. सिडकोत फ्लॅट भाड्याने देणाऱ्या काकांना तो पहिल्यांदा कळतो तो पोलिसांचा फोन आल्यावर. आलेल्या माणसाला कंपनी सोडून शेजारच्या कंपनीत जाता येत नाही. तसं करायचं तर बहुतेक वेळा मायदेशी जाऊन नवा व्हिसा काढावा लागतो. त्याच्या वागण्याची आणि परत पाठवणीची जबाबदारी मालकाची. १ सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे रद्द होऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट २०२५ लागू झाला आहे. त्यातला सर्वांत जुना कायदा १९२०चा होता.

हे सगळं सांगायचं कारण एकच. या भावात माणूस आणून पगार वाचवणारा कारखानदार वाळूजला, चिकलठाण्याला किंवा शेंद्र्याला मला तरी दाखवा. स्वस्त माणूस हवा असेल तर तो गेटबाहेर ठेकेदाराकडे उभा आहे, त्याला व्हिसा लागत नाही. परदेशी माणूस येतो तो यंत्र बसवायला, लाइन सुरू करायला, आणि मूळ कंपनीचा हिशेब व दर्जा सांभाळायला. या कामांतल्या पहिल्या दोन प्रकारांसाठी आपल्याकडे माणूस नसतो, कारण ते यंत्रच आपल्याकडे पहिल्यांदा आलेलं असतं.

चोरवाट नव्हती का? होती. २००९ साली देशातल्या वीजप्रकल्पांवर हजारो चिनी कामगार बिझनेस व्हिसावर काम करत असल्याचं उघड झालं. त्यात वेल्डरही होते आणि हेल्परही, म्हणजे जी कामं आपला माणूस डोळे मिटून करतो ती. बिझनेस व्हिसाला पगाराची अट नव्हती, म्हणून ही वाट सोपी होती. सरकारने त्यांना ऑक्टोबर २००९अखेर परत जायला सांगितलं आणि पुढे वीज व पोलाद प्रकल्पांसाठी वेगळा प्रोजेक्ट व्हिसा आणला. ते योग्यच झालं. तेव्हाचा राग बरोबर जागी होता, कारण तिथे खरोखर आपल्याला येणारं काम दुसरा करत होता. आज बिडकीनविषयी बोलताना तोच दाखला दिला जातो, पण यंत्र जोडायला आलेला तंत्रज्ञ आणि विटा उचलायला आणलेला मजूर यांच्यातला फरक बाजूला ठेवून.

हा फरक विसरला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०२०मध्ये गलवाननंतर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा जवळपास थांबले. त्यामागे सुरक्षेचं कारण होतं आणि मला त्यावर वाद घालायचा नाही. पण यंत्रसामग्री येऊन पडली आणि ती चालू करायला माणूस नाही, अशा तक्रारी घेऊन उद्योगसंघटनाच दिल्लीला गेल्या. शेवटी सरकारलाच काही क्षेत्रांसाठी व्हिसाची वाट पुन्हा मोकळी करावी लागली. कारखाना जितका उशिरा सुरू, तितकी आपल्या पोरांची भरती उशिरा. परदेशी तंत्रज्ञ अडवल्याने स्थानिकांच्या नोकऱ्या वाढल्या, असं त्या काळातलं एक उदाहरण तरी कुणी पुढे ठेवावं.

अमेरिकेने याहून मोठा तमाशा करून दाखवला. ४ सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी मिळून उभारत असलेल्या बॅटरी कारखान्यावर तिथल्या इमिग्रेशन खात्याने धाड टाकली. पावणेपाचशेच्या आसपास माणसं पकडली. त्यात तीनशेहून जास्त कोरियन होते. त्यांना साखळ्या घालून नेतानाची दृश्यं कोरियाभर दाखवली गेली. कारखान्याचं काम महिन्यांनी पुढे गेलं. आणि मग त्याच महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी स्वतःच लिहिलं की परदेशी कंपन्यांनी आपले तज्ज्ञ काही काळ आणावेत, त्यांनी आमच्या लोकांना शिकवावं, मग परत जावं. म्हणजे ज्यांना साखळी घातली त्यांनाच शिकवायला या म्हणून बोलावणं. आपल्याला अक्कल यायला धाड टाकायलाच हवी असं नाही.

आणि हो, त्याच सप्टेंबरात, १९ तारखेला, एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घातला गेला. आपल्या शहरातल्या किती घरांत त्या रात्री फोन झाले असतील! तेव्हा आपण काय म्हणालो? आमची पोरं अमेरिकेची नोकरी खात नाहीत, तिथे माणूस मिळत नाही म्हणून कंपन्या त्यांना बोलावतात, तीच तिथली कंपनी मोठी करतात. बरोबरच म्हणालो. मग शेंद्र्यात कोरियन अभियंता दिसल्यावर आपलं वाक्य का बदलतं? अमेरिकेतल्या ज्या भाषणाने आपल्याला राग येतो, तेच भाषण इथे आपण मराठीत करतो आहोत. ते तिथे चुकीचं असेल तर इथे बरोबर कसं, याचं उत्तर भूमिपुत्रांच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांनी मला अजून दिलेलं नाही.

इथे कुणीतरी मलिक अंबरचं नाव घेणार. खडकी वसवणारा, नहर-ए-अंबरी बांधणारा हबशी. हे शहरच बाहेरच्या माणसाने उभारलं, वगैरे. मला हा दाखला आवडत नाही. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला जात इथवर पोचला. त्याच्या कर्तृत्वाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्यातून आजच्या नोकरभरतीचा नियम काढू नये.

नियमच काढायचा असेल तर त्यापेक्षा जवळचा आणि कडू दाखला आपल्याकडे आहे. मुलकी नियमांचा. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. पहिले सालारजंग दिवाण असताना राज्यकारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली गेली, आणि त्यातून मुलकी विरुद्ध गैरमुलकी, म्हणजे इथले विरुद्ध बाहेरचे, हे भांडण पेटलं. १९१९च्या फर्मानाने ठरलं की निजामाच्या खास मंजुरीशिवाय गैरमुलकी माणसाला सरकारी नोकरी द्यायची नाही. मुलकी व्हायला जन्म हवा किंवा पंधरा वर्षांचं वास्तव्य. आजही आपल्या अधिवास दाखल्याला पंधरा वर्षांचीच अट आहे.

आता या नियमाने आपल्या भागाला काय दिलं ते बघा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतला मराठी माणूस कागदावर शंभर टक्के मुलकी होता. पण राज्यकारभार उर्दूत, १९१८च्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू, आणि गावाकडे शाळाच नाही. हक्क होता, पण तो वापरायला लागणारी पात्रता मिळवायची सोय नव्हती. हैदराबाद मुक्त झालं तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतं, अभियांत्रिकी महाविद्यालय नव्हतं. विद्यापीठ आलं १९५८ला, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०ला. मधल्या काळात बाहेरच्यांनी खोटे मुलकी दाखले काढून नोकऱ्या लाटल्याच्या तक्रारी झाल्या, सप्टेंबर १९५२मध्ये हैदराबादेत त्यावरून आंदोलन पेटलं आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. दाखल्यावर नोकरी टांगली की दाखल्याचा बाजार भरतो. तहसील कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एजंटाला हे मी सांगायला नको.

तेव्हा ‘आधी यादी बघा’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : त्या यादीतल्या पोराला काय येतं, हे कोण बघणार?

कारण ज्या ठिकाणी हे बघितलं गेलं, तिथे चित्र वेगळं आहे, आणि ते आपल्याच शहरात आहे. चिकलठाणा एमआयडीसीतलं इंडो जर्मन टूल रूम घ्या. जर्मन सरकारच्या तांत्रिक सहकार्यातून ते उभं राहिलं. यंत्रं आली, कामाची शिस्त आली, अभ्यासक्रम आला. आज तिथून टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडणारा मुलगा मराठवाड्यातल्या खेड्यातला असतो आणि त्याला शिकवणारे सरही इथलेच. त्याला कामासाठी निवेदन द्यावं लागत नाही. कंपन्याच टूल रूमच्या दारात येतात.

किंवा वाळूज घ्या. बजाजचा कारखाना तिथे १९८५मध्ये सुरू झाला. त्याच दशकात कंपनीने कावासाकीशी तंत्रसहकार्य करून मोटारसायकली काढल्या आणि २००१मध्ये स्वतःची पल्सर आणली. बजाजला सुटे भाग पुरवत वाळूजमध्ये वाढलेल्या एंड्युरन्सने पुढे जर्मनी आणि इटलीतले कारखाने विकत घेतले. म्हणजे आज वाळूजच्या कंपनीची माणसं इटलीला जातात, आणि तिथल्या एखाद्या कामगारालाही वाटत असणार की हे कोण आले आमच्यावर. स्कोडा २००१मध्ये शेंद्र्यात आली तेव्हा वरच्या खुर्च्यांवर युरोपियन माणसं होती. अलीकडच्या वर्षांत त्या समूहाचं भारतातलं सर्वोच्च पद भारतीयांकडे आलेलं आहे. यातलं काहीही व्हिसा अडवून झालेलं नाही. शिकून झालेलं आहे.

मात्र शिकणं आपोआप होत नाही, आणि माझं भांडण इथे दुसऱ्या बाजूशीही आहे. उद्योजकांच्या संघटनांमधले काही जण म्हणतात, नियमच काढून टाका, बाजार बघून घेईल. बाजाराने काय बघितलं ते आम्ही नीम योजनेत पाहिलं. नॅशनल एम्प्लॉयबिलिटी एन्हान्समेंट मिशन असं भारदस्त नाव. शिकवायचं म्हणून पोरं घ्यायची, तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ट्रेनी म्हणून ठेवायची, किमान वेतनाएवढा स्टायपेंड द्यायचा, पीएफ नाही, ईएसआय नाही. वाळूजच्या कित्येक लाइनींवर ही ‘नीमची पोरं’ पर्मनंटचंच काम करत होती. शिकली काय? एकच बोल्ट आवळायला. पुढे ती योजना गुंडाळली गेली, पण ती चालू होती तेव्हा त्याविरुद्ध परदेशी तंत्रज्ञांइतका आवाज का उठला नाही? एका परदेशी माणसामुळे जाणाऱ्या जागा बोटांवर मोजाव्यात. ट्रेनीच्या नावाखाली गेलेल्या जागा मोजायला बोटं पुरायची नाहीत. ज्यांनी या पोरांच्या नावाने निवेदनं दिली, त्यांच्यातल्या काहींचे लेबर कॉन्ट्रॅक्टही होते, एवढं सांगून हा विषय सोडतो.

मग नियमात खरी उणीव कुठे आहे? आपला व्हिसा नियम परदेशी माणसाचा पगार विचारतो, पदवी विचारतो, पत्ता विचारतो. मालकाला तो हे विचारत नाही की या माणसाचं काम इथला कोण, किती दिवसांत शिकणार. मुदतवाढ वर्षावर वर्षं, एकूण पाच वर्षांपर्यंत मिळू शकते. पाच वर्षांनी तो कोरियन जातो, दुसरा येतो, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला आपला डिप्लोमाधारक अजून ‘असिस्टंट’च असतो. तक्रार करायची तर ही करा. ‘तो आला का’ हा प्रश्न सोडा. ‘त्याने जाताना काय ठेवलं’ हे विचारा.

ही अट कुठे घालता येईल, हेही समजून घेतलं पाहिजे. परदेशी नागरिक, त्यांचा देशात प्रवेश, हे सगळं राज्यघटनेच्या संघसूचीत आहे, १७व्या आणि १९व्या क्रमांकाला. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन व्हिसा कमी होत नाही. ते निवेदन आवक-जावक नोंदवहीत जातं आणि तिथेच राहतं. पण जमीन, वीजदरातली सूट, करपरतावा हे राज्याच्या हातात आहे. राज्याकडून सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के कामगार आणि ५० टक्के पर्यवेक्षक स्थानिक घ्यावेत, असं राज्याचं धोरण आहेच. १७ नोव्हेंबर २००८चा शासन निर्णय त्यासाठीच आहे. त्याच फाइलमध्ये आणखी एक ओळ घाला : प्रत्येक परदेशी तंत्रज्ञामागे दोन स्थानिक माणसं नावानिशी दाखवा, त्यांनी काय शिकायचं ते लिहून द्या, आणि दोन वर्षांत त्यातला एक त्या कामावर बसला नाही तर पुढच्या वर्षाची सवलत कापली जाईल. टक्केवारी मोजून घेता येते, तशी ही अटही मोजून घेता येते. परदेशी कंपनी यावर नाक मुरडणार नाही. परदेशी माणूस ठेवणं तिलाच परवडत नाही.

राहता राहिली भाषा. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, आपली १०,००० कुशल माणसं तिकडे पाठवायची म्हणून. त्यासाठी आधी जर्मन शिकायची, हे सगळ्यांनी निमूट मान्य केलं. स्टुटगार्टला जायचं तर पोरगं व्याकरण घोकायला तयार आहे. मग बिडकीनला जपानी आणि कोरियन माणसाच्या शेजारी उभं राहायचं तर त्याची भाषा शिकायची सोय बिडकीनमध्ये का नको? ड्रॉइंगवरची टीप, यंत्राचं मॅन्युअल, बिघाडाच्या वेळी दोन अभियंत्यांत होणारं बोलणं, खरं तंत्र यातच असतं. ते ज्याला कळत नाही तो वर्षानुवर्षं दुभाष्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

आणि गंमत म्हणजे याची खिडकी व्हिसाच्या नियमात आधीच उघडी आहे. १६.२५ लाखांच्या अटीतून काही जणांना सूट आहे. त्या त्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी त्यात आहेत. दुभाषे आहेत. आणि इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षकही आहेत. कंपन्यांनी यातल्या आचाऱ्यांची सूट चांगली लक्षात ठेवली आहे. भाषाशिक्षकाच्या सुटीची आठवण मात्र ना कंपन्यांना, ना आयटीआयना, ना विद्यापीठाला.

तेव्हा माझं सांगणं युवक संघटनांना आहे. पुढच्या वेळी निवेदन घेऊन जाल तेव्हा व्हिसा बंद करा ही ओळ खोडा. तिच्या जागी तीन मागण्या लिहा : परदेशी तंत्रज्ञामागे नावानिशी दोन स्थानिक शिकाऊ, दोन वर्षांत कामाची बदली, आणि बिडकीन, पैठण, गंगापूरच्या आयटीआयमध्ये जपानी व कोरियन शिकवणारा शिक्षक. जिल्हाधिकारी कार्यालयाऐवजी ते उद्योग संचालनालयाकडे आणि ऑरिकच्या कार्यालयात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.